चावी कोणाकडे रवतली?

गेली सहा-सात वर्षे मी वास्तुकलेच्या महाविद्यालयांत परीक्षक म्हणून जातो. पाचव्या वर्षाच्या प्रबंधाच्या ज्यूरीत दर वेळी चार-पाच विद्यार्थी ‘समाजकेंद्र’, ‘लोकांगण’ किंवा ‘किनाऱ्यावरील सार्वजनिक अवकाश’ अशा नावाचा प्रकल्प घेऊन उभे असतात आणि त्यांतले एक-दोन प्रकल्प हमखास कोकणातले असतात, कारण कोकण चित्रात चांगले दिसते. नकाशे नीटनेटके असतात, प्रतिकृती सुबक असते आणि रंगीत दृश्यांत पतंग उडवणारी मुले, सायकल टेकवून उभी असलेली एक मुलगी आणि अंगात स्वेटर घातलेले एक गोरे गृहस्थ हमखास असतात. हे गृहस्थ इंटरनेटवरच्या फुकट चित्रांच्या साठ्यातून निघून थेट देवगडच्या एखाद्या धक्क्यावर मे महिन्यात येऊन उभे राहिलेले असतात. मी त्यांच्याबद्दल काही बोलत नाही. मी एकच प्रश्न विचारतो, की या वास्तूची चावी कोणाकडे राहणार. प्रश्न माझा नव्हे, तो आमच्या वाडीतल्या एका काकींचा आहे, आणि तो माझ्या हाती कसा आला ते सांगण्यासाठी हे लिहीत आहे.

आमचे गाव देवगड तालुक्यात खाडीच्या काठावर आहे. वाडीच्या मधोमध एक समाजमंदिर आहे. कोकणात फिरलेल्या प्रत्येकाने अशी इमारत पाहिलेली असते: एक लांबट खोली, वर सपाट स्लॅब, पुढे लोखंडी जाळीचे सरकते दार, भिंतीवर निधी कोणी दिला त्याची संगमरवरी पाटी आणि जाळीला कुलूप. आत मंडपाचे वासे, गणपतीच्या मखराची चौकट, मोडक्या खुर्च्या आणि ग्रामपंचायतीची जुनी कपाटे आहेत. वाडीतली माणसे मात्र रोज संध्याकाळी तिथेच जमतात, पण बाहेर, दारापुढच्या तीन पायऱ्यांवर. इमारतीचा सगळ्यात जास्त वापरला जाणारा भाग म्हणजे तिच्या पायऱ्या, आणि त्या कोणी बसण्यासाठी आखलेल्या नव्हत्या. लहानपणापासून मी त्या पायऱ्यांवर बसत आलो आहे आणि इतकी वर्षे वास्तुविशारद म्हणून काम करूनही त्यात विचार करण्यासारखे काही आहे हे मला सुचले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या तिसऱ्या वर्षाचे चौदा विद्यार्थी फेब्रुवारीत आठ दिवसांसाठी आमच्याकडे आले. वाडीसाठी एक सार्वजनिक जागा आखायची, हा त्यांचा सत्राचा विषय होता. तिसऱ्याच दिवशी त्यांनी पहिली रेखाटने भिंतीवर लावली आणि चौदांपैकी नऊ जणांनी ॲम्फीथिएटर काढलेले होते. वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला मोकळा उतार दिसला, की त्याचा हात आपोआप अर्धवर्तुळाकार पायऱ्या काढू लागतो. हा दोष मुलांचा कमी आणि आम्हा शिकवणाऱ्यांचा जास्त आहे. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात उघड्या जांभ्याच्या पायऱ्या जूनअखेर हिरव्या होतात, जुलैत त्यांवर पाय ठरत नाही आणि सप्टेंबरात त्यांच्या सांध्यांतून गुडघाभर गवत उगवते. ते कापायचे कोणी, याचे उत्तर नकाशात नसते. शिवाय तिथे बघायचे काय? दशावतार देवळापुढे होतो, भजन घरोघर होते, आणि लग्नाला खळ्यात माटव घातला जातो.

मी त्यांना रेखाटने उतरवायला लावली आणि पुढचे तीन दिवस फक्त वेळा लिहून काढायला सांगितले. कोण कुठे किती वाजता थांबते, किती वेळ थांबते, उभे राहते की बसते, कशावर बसते. हे काम मुलांना कंटाळवाणे वाटले, पण त्यातून जो तक्ता तयार झाला तो मी अजून जपून ठेवला आहे. पहाटे पाचपासून धक्क्यावर होड्या लागतात आणि मासळी घ्यायला आलेल्या बायका साडेसहापर्यंत प्लास्टिकच्या उपड्या क्रेटवर बसून असतात. वस्तीची एस.टी. सुटते त्या वेळी थांब्यावर वीस-पंचवीस माणसे असतात आणि तासाभराने तिथे कुत्रेही नसते. नऊनंतर बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीची सावली धक्क्यावर पडते आणि त्या सावलीत जाळी शिवणारे येऊन बसतात. सावली सरकते तसे तेही सरकतात. दुपारी सगळे शांत. चारनंतर शाळेतली मुले. संध्याकाळी समाजमंदिराच्या पायऱ्या, आणि तिथे केवळ पुरुष.

या तक्त्याला आणखी एक पदर होता, तो वर्षाचा. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा धक्क्यावर जाळ्यांच्या ढिगांखेरीज काही नसते. गणपतीत आणि शिमग्यात चाकरमानी येतात आणि वाडीची लोकसंख्या आठ-दहा दिवसांपुरती दुपटीने वाढते. म्हणजे ज्या समुदायासाठी मुले जागा आखत होती तो समुदाय एका आकाराचा नव्हताच. तो भरती-ओहोटीसारखा होता. एकाने मला विचारले, ‘सर, मग डिझाइन कोणत्या दिवसासाठी करायचे?’ त्या आठ दिवसांत विचारला गेलेला हा पहिला चांगला प्रश्न होता.

देवळाच्या खालच्या अंगाला मांड आहे. मांड म्हणजे शिमग्याला जिथे होळी उभी राहते, जिथे निशाण येते, जिथे गाऱ्हाणे घातले जाते, ती मोकळी जागा. वर्षातले साडेअकरा महिने तिथे काहीही नसते. एका विद्यार्थ्याने नकाशावर ही जागा ‘न वापरलेली’ म्हणून करड्या रंगात दाखवली होती आणि तिथे फरसबंदी, बाके, मध्यभागी कारंजे असा चौक आखला होता. गावकारांनी, म्हणजे गावच्या मानकऱ्यांनी, तो कागद बराच वेळ पाहिला आणि अत्यंत सौम्यपणे विचारले, की मग होळी कुठे उभी करायची. मुलगा वरमला. परंतु मला त्या चुकीचा रागापेक्षा उपयोगच जास्त वाटला, कारण मोकळी राहणे हेच एखाद्या जागेचे काम असू शकते, ही गोष्ट वर्गात कितीही वेळा सांगितली तरी उतरत नाही. मांड मोकळा आहे कारण सगळ्या गावाने तो मोकळा ठेवला आहे. त्यावर कोणी वाशांचा ढीग रचत नाही, कोणी गुरे बांधत नाही, आणि तिथे गडगा नाही की फाटक नाही.

अर्थात मांडाविषयी मी फार भावुक होणार नाही. मांडावर कोणी कुठे उभे राहायचे, पहिला मान कोणाचा, हे सगळे ठरलेले असते, आणि ते ठरवताना सगळ्यांना विचारले गेले होते असे नाही. कोकणात सार्वजनिक जागेची चर्चा महाडचे नाव घेतल्याशिवाय करू नये असे मला वाटते. सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले, ते कागदावर. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, तोही कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो माणसांना त्या तळ्याचे पाणी प्रत्यक्ष ओंजळीत घ्यावे लागले, आणि तळे सार्वजनिकच आहे हे मुंबई उच्च न्यायालयाकडून कायम होईपर्यंत १९३७ साल उजाडले. त्या तळ्याला कुलूप नव्हते. मी विद्यार्थ्यांना हे सांगितले तेव्हा एक मुलगी म्हणाली, की हे इतिहासाच्या पुस्तकात वाचले होते, पण वास्तुकलेच्या वर्गात प्रथमच ऐकते आहे. नकाशात ‘सार्वजनिक’ असे लिहिणे ही फार सोपी गोष्ट आहे, आणि पायऱ्यांचा घाट काढणे त्याहून सोपे.

याच मुलीने तक्त्यातली एक रिकामी जागा माझ्या लक्षात आणून दिली. पहाटे धक्क्यावर बसणाऱ्या बायका सोडल्या तर दिवसभरात वाडीतली कोणतीही स्त्री घराबाहेर बसलेली आढळली नव्हती. पुरुष पारावर, पायऱ्यांवर, थांब्यावर बसतात. बायका चालत असतात किंवा उभ्या असतात. ती घरोघर जाऊन विचारून आली तेव्हा कळले, की पूर्वी विहिरीवर बायकांचे थांबणे व्हायचे. जलजीवन योजनेतून घरात नळ आला, डोक्यावरची घागर उतरली, याबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती. पण विहिरीकडे जाण्याचे निमित्त गेले आणि त्याबरोबर सकाळ-संध्याकाळची ती अर्धी घटकाही गेली. विहिरीचे धोंडे अजून तिथेच आहेत. बाईमाणसाने नुसते जाऊन तिथे बसायचे म्हटले तर लोक विचारतील, की हिला काय झाले. मी या गावात लहानाचा मोठा झालो, त्या विहिरीचे पाणी प्यालो, आणि हे मला वीस वर्षांच्या एका परक्या मुलीने दाखवून दिले.

सहाव्या दिवशी आम्ही सगळी रेखाटने घेऊन धक्क्यावर गेलो. समाजकेंद्रे, वाचनालये, ‘कौशल्यविकास दालने’ असे बरेच काही होते. बायकांनी ती कौतुकाने पाहिली. मग एका काकींनी, पाटीतली मासळी झाकता झाकता, विचारले, ‘ह्यां सगळां बरां आसा, पण चावी कोणाकडे रवतली?’ कोणाकडेच उत्तर नव्हते. काकींनी समाजमंदिराकडे मान वळवली आणि पुढे काही बोलल्या नाहीत.

त्या रात्री मुलांनी जवळजवळ सगळे प्रकल्प मोडीत काढले. दार असले की कुलूप येते, कुलूप आले की चावी येते आणि चावी आली की ती एका घरात जाते. म्हणून ज्याला दारच नाही असे काहीतरी करायचे, असे त्यांनी ठरवले. विद्यार्थ्यांच्या उत्साहात जो एक भाबडेपणा असतो तो यातही होताच, पण दिशा बरोबर होती. मी त्यांना वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी नवी मुंबईत बेलापूरला आखलेल्या वसाहतीची आठवण करून दिली. तिथे सात घरे मिळून आठ मीटर बाय आठ मीटरचे एक अंगण आहे, आणि असे तीन पुंजके एका मोठ्या अंगणाभोवती येतात. सात घरांचे अंगण कोणी झाडायचे याचा निवाडा सात घरांत होऊ शकतो. सातशे घरांच्या चौकाचा होत नाही, त्याला मग पगारी माणूस आणि फाटक लागते.

दुसरी गोष्ट मी सांगितली ती जर्मन वास्तुविशारद ॲना हेरिंगर यांची. बांगलादेशातल्या रुद्रपूर गावची मेटी शाळा हा मुळात त्यांचा २००४ सालचा पदविका प्रबंध होता. २००५ मध्ये ती माती आणि बांबूची शाळा गावातल्या कारागिरांच्या हातांनी उभी राहिली आणि २००७ मध्ये तिला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. विद्यार्थ्यांना ही गोष्ट फार आवडते, कारण त्यात प्रबंध प्रत्यक्षात येतो. पण तिचा आधीचा भाग सहसा सांगितला जात नाही: प्रबंध लिहिण्याच्या कितीतरी आधी, एकोणीस-वीस वर्षांच्या असताना, हेरिंगर त्या गावात एका स्वयंसेवी संस्थेबरोबर जवळजवळ वर्षभर राहिल्या होत्या. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात सॅम्युएल मॉकबी आणि डी. के. रूथ यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला रूरल स्टुडिओ, म्हणजे वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी खेड्यातल्या लोकांसाठी प्रत्यक्ष इमारती बांधण्याचा शिक्षणक्रम, आजही चालू आहे, आणि त्याचे बळ मला त्यातल्या सुंदर इमारतींपेक्षा त्याच्या चिवटपणात दिसते. मोडीत निघालेल्या मोटारींच्या काचा वापरून मेसन्स बेंडच्या वस्तीत बांधलेले केंद्र जगभर छापले गेले, परंतु विद्यार्थ्यांच्या एकामागून एक तुकड्या त्याच भागात तीस वर्षे काम करत राहिल्या, त्यामुळे एखादी गोष्ट चुकली तर ती दुसऱ्या तुकडीला डोळ्यांनी दिसते. आमची मुले आठ दिवसांत आली आणि गेली. त्यांच्या चुका आम्हाला दिसतात, त्यांना दिसत नाहीत.

शेवटी ज्या एका आराखड्याभोवती सगळे जमले तो त्या विहिरीवाल्या मुलीचा होता. धक्क्याच्या वरच्या अंगाला, जिथे एस.टी.चा थांबा आणि धक्क्याची वाट एकत्र येतात, तिथे जांभ्याचे एक लांब जोते आणि त्यावर चारी बाजूंनी उघडे चौपाखी कौलारू छप्पर, एवढेच. जोत्याची उंची ४५० मिलिमीटर, म्हणजे त्याची कडा हेच आसन. वेगळे बाक नकोत. पहाटे मासळी घेणाऱ्या, सातला एस.टी.ची वाट पाहणारे, नऊनंतर जाळी शिवणारे, चारनंतर मुले, अशी ती जागा दिवसभर हातोहात फिरावी अशी कल्पना होती. आणि थांब्याचे निमित्त असल्यामुळे तिथे बाईमाणसाने बसण्याला कोणी कारण विचारणार नाही. हा शेवटचा मुद्दा तिने ज्यूरीतही मांडला, पण तिथल्या एकाही परीक्षकाने त्याची दखल घेतली नाही. त्यांचे लक्ष छपराच्या सांध्यांकडे होते.

छपराकडे लक्ष द्यायलाच हवे होते, हेही खरे. पहिल्या रेखाटनात वळचण साडेचार मीटर उंचीवर होती, कारण तिथून खाडी चांगली दिसते. वाऱ्याने पाऊस ४५ अंशांत तिरका झाला, आणि आमच्याकडे तो होतोच, तर वळचण जमिनीपासून जितकी उंच तितका पाऊस आत येतो; चार मीटर रुंदीच्या त्या जोत्यावर कोरडी अशी एक वीतही उरली नसती. माझ्या आजोबांच्या घराच्या पडवीत वाकून शिरावे लागे, त्यामागे हाच हिशेब होता. वळचण दोन मीटरच्या आसपास खाली आली, पाखे बाहेर निघाली आणि रुंदी वाढली. पत्र्याचा प्रस्ताव गवंड्यांनीच मोडून काढला: १६ मे २०२१ च्या तौक्ते वादळात उडालेले पत्रे सगळ्यांनी पाहिले होते, आणि जे उडाले नाहीत ते खाऱ्या वाऱ्याने काही वर्षांत चाळणी होतात. खांब काँक्रीटचे असतील तर समुद्री हवेत उघड्या काँक्रीटला आय.एस. ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे सळईवर किमान ४५ मिलिमीटरचे आवरण लागते, ही गोष्ट मुलांनी प्रथमच गांभीर्याने वाचली. समाजमंदिराच्या स्लॅबमधून बाहेर डोकावणारी गंजलेली सळई त्यांना रोज दिसत होती, त्यामुळे समजावून सांगावे लागले नाही. चाकाच्या खुर्चीसाठी १:१२ चा उतार धरला तर ४५० मिलिमीटरला ५.४ मीटर लांबी लागते. ती कुठून आणायची यावर एक अख्खी संध्याकाळ गेली आणि उतार एस.टी.च्या बाजूने जोत्यालगत घेतल्यावर प्रश्न सुटला.

पण दाराचा प्रश्न सुटला नव्हता. ज्या बायकांसाठी ही सारी खटपट चालली होती त्यांना शेवटच्या दिवशी विचारले, की तुम्हाला स्वतःला काय हवे, तेव्हा त्यांनी छप्पर मागितले नाही. त्यांनी शौचालय मागितले. पहाटे चारला घर सोडणारी, दूरच्या वाड्यांतून येणारी बाई नऊपर्यंत धक्क्यावर असते आणि तिच्यासाठी तिथे काहीही नाही. कित्येक जणी पाणीच पीत नाहीत. शौचालयाला दार लागतेच, कडी लागते, आणि रात्री त्याला कुलूप लावले नाही तर महिन्याभरात त्याची काय दशा होते हे सर्वांना ठाऊक होते. तात्पर्य, चावी परत आली. मुलीने यावर दोन दिवस विचार केला. मग तिने शौचालय जोत्याच्या टोकाला, बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीकडे तोंड करून घेतले आणि नकाशावर पहिल्यांदाच एक ओळ अशी लिहिली जी मी कोणत्याही विद्यार्थ्याच्या नकाशावर पाहिलेली नाही: ‘चावी मासळी विक्रेत्या महिलांच्या बचत गटाकडे.’ बचत गटाने ती जबाबदारी घेण्यास होकार दिला होता, अटी घालून. पाण्याची टाकी ग्रामपंचायतीने भरायची, हे त्यांतले पहिले.

खाडीकाठची जागा म्हटल्यावर सीआरझेडचे, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांचे, नाव निघतेच आणि बहुतेक वेळा ते ‘काही करता येणार नाही’ या अर्थानेच निघते. २०१९ च्या अधिसूचनेनुसार खाडीलगत भरतीरेषेपासून ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतके अंतर, यांपैकी जे कमी असेल तो पट्टा नियंत्रणाखाली येतो. मात्र ग्रामीण भागात स्थानिक रहिवाशांसाठी पावसाळी निवारा आणि सामुदायिक शौचालय यांना प्रकरणपरत्वे परवानगी देण्याची सोय त्याच नियमांत आहे. मुलांनी तो मजकूर शोधून, मराठी करून, आराखड्याला जोडला. माझ्या मते संपूर्ण सत्रातले ते सर्वांत उपयोगी पान होते, आणि त्याला गुण शून्य होते, कारण गुणपत्रिकेत तसा रकानाच नव्हता.

१ मेच्या ग्रामसभेत आराखडा मांडला गेला. त्याआधी महिलांची सभा घ्यावी अशी तरतूद कायद्यात आहेच, ती या वेळी खरोखर घेतली गेली आणि सत्तरएक बायका आल्या. पुरुषांच्या बाजूने छपराला विरोध झाला नाही. शौचालय ‘देवळाच्या वाटेवर’ येते, असा मुद्दा एकाने काढला. वाट देवळाची नव्हे, धक्क्याची आहे, हे काकींनी उभे राहून सांगितले. ठराव मंजूर झाला.

त्याच मे महिन्यात ती मुलगी आणि तिचे दोन मित्र स्वतःच्या खर्चाने परत आले. थांब्यामागचा जुना जांभ्याचा बांध एका ठिकाणी ढासळलेला होता. गवंड्यांच्या मदतीने त्यांनी तो बारा-तेरा फूट लांब नीट लावून घेतला आणि त्याची वरची थर ४५० मिलिमीटरवर आणून ठेवली. चिरे कोणाच्या तरी घराच्या कामातून उरलेले होते. छप्पर नाही. पहिल्या पावसात बायकांनी त्यावर निळी ताडपत्री बांधली, ती एका बाजूला थांब्याच्या खांबाला आणि दुसऱ्या बाजूला आंब्याच्या फांदीला. वळचण बरीच खाली आहे, वाकूनच आत जावे लागते.

शौचालयाचे अंदाजपत्रक तालुक्याला गेले आहे. मागच्या आठवड्यात चौकशी केली तेव्हा, फाईल ज्या कपाटात आहे त्याची चावी असलेले साहेब रजेवर होते.